दोन खुणा जादा

मळववाडीत बसवंत आप्पांनी निवाडा दिला की तो निवाडा. बावीस वर्षांत त्यांचा एकही शब्द मोडला नव्हता. ही गोष्ट सगळ्या गावाला तोंडपाठ होती, कारण आप्पा ती आठवड्यातून दोनदा तरी सांगत.

मळववाडी म्हणजे नंदगडपासून कोसभर आत, जंगलाच्या कडेला चिकटलेली चाळीस घरं. भांडण झालं की मंडळी मारुतीच्या देवळापुढच्या पारावर जमत. आप्पा मधोमध बसत, दोन्ही बाजू ऐकत, मिशीवरून हात फिरवत आणि मोजून एक वाक्य बोलत. एकच. दुसरं वाक्य बोलावं लागलं तर पहिल्यात खोट होती असं समजावं, असं त्यांचं मत होतं.

सन छत्तीसच्या हिवाळ्यात त्यांच्यापुढं मष्णू आणि परशरामचं भांडण आलं. हे दोघं सख्खे भाऊ. त्यांचा बाप जिवंत असेपर्यंत दर हिवाळ्यात ओढ्याला मातीचा बांध घालायचा आणि अडवलेल्या पाण्यावर खाली-वर दोन्ही मळे पिकायचे. बाप गेला, वाटण्या झाल्या. वरचा मळा मष्णूला आला, खालचा परशरामला, आणि बांधाची जागा नेमकी शिवेवर आली. मष्णू म्हणे, बांध माझ्या हद्दीत, तेव्हा पाणी आधी माझं. परशराम म्हणे, पाणी आधी तुझं तर माती पण तूच ओढ. दोन हिवाळे बांध पडलाच नाही आणि ओढा कुणाचीही परवानगी न घेता सरळ मलप्रभेला जाऊन मिळत राहिला. दोन्ही मळ्यांतली वांगी उभ्या उभ्या वाळली. दसऱ्याला तर मष्णूनं परशरामवर कोयता उगारला होता. तो हात वरच्या वर धरला गेला म्हणून बरं. आता मष्णूचं म्हणणं एकच होतं: ही बैठक शेवटची. इथं निकाल लागला नाही तर तो बेळगावला जाऊन वकील धरणार. एकदा वकील आला की बांधाबरोबर मळेही जाणार, हे सगळ्यांना दिसत होतं, फक्त त्या दोघांना दिसत नव्हतं.

अडचण होती ती आप्पांच्या खोकल्याची. आधीच्या दोन बैठका त्यानंच मोडल्या होत्या. पहिल्या बैठकीत आप्पांनी निवाड्यासाठी तोंड उघडलं आणि खोकल्याची अशी उबळ आली की ती थांबेपर्यंत मंडळी म्हशींच्या धारा काढायला घरी गेली. दुसऱ्या बैठकीत मष्णूच्या डोक्यात आलं की आपण बोलायला लागलो की आप्पा खोकतात आणि परशराम बोलताना गप्प बसतात. तो पागोटं सावरत उठून गेला.

शेवटी आप्पांची बायको सोनाबाई त्यांना गाडीत घालून नंदगडला हळदणकर डॉक्टरांकडं घेऊन गेली. डॉक्टरांनी छाती ठोकून पाहिली, पाठ ठोकून पाहिली आणि तपकिरी मिक्श्चरची बाटली भरून दिली. बाटलीला कातरलेल्या कागदाची पट्टी चिकटवलेली होती. एक खूण म्हणजे एका वेळचं औषध. दिवसातून तीन वेळा, एका वेळी एक खूण, आणि घेण्याआधी बाटली चांगली हलवायची. डॉक्टरांनी हे दोनदा सांगितलं. मग चष्मा काढून तिसऱ्यांदा सांगितलं.

"यात अफूचा अर्क आहे," ते म्हणाले. "तो खोकला दाबतो तसा माणसालाही दाबतो. जास्त घ्यायचं नाही, दुसऱ्याला द्यायचं नाही, दुसऱ्याचं आपण घ्यायचं नाही. यावर दारू नको. आणि हे घेऊन गाडी हाकायला बसू नका."

सोनाबाईनं सगळं लक्षात ठेवलं. आप्पांनी पहिलं वाक्य ऐकलं आणि पुढचं सोडून दिलं. परतीच्या वाटेवर त्यांनी बाटली उन्हात धरून खुणा पाहिल्या आणि त्यांना हसू आलं. ह्या खुणा बेळगावच्या टिळकवाडीतल्या कारकुनांच्या मापानं केल्यात, असं ते म्हणाले. पंख्याखाली बसून कागद खरडणाऱ्याला एक खूण पुरत असेल. आपलं अंग नांगराचं. सोनाबाईनं त्यांच्या हातातून बाटली काढून घेतली आणि पदराखाली धरली.

तीन दिवस औषध तिच्याच हातानं चाललं. खोकला बराच उतरला, पण गेला नाही.

बैठकीच्या दिवशी सकाळी सोनाबाई गोठ्यात शेण काढत होती. आप्पा आंघोळ करून धोतर नेसत असतानाच घशात खवखव झाली. आज पारावर खोकला आला तर बावीस वर्षांचं नाव जाणार, हे त्यांना स्वच्छ दिसलं. ते स्वयंपाकघरात गेले, कोनाड्यातली बाटली काढली आणि न हलवता, पाठ फिरवून, दोन खुणा तोंडात रिचवल्या. कडू तोंड गुळाच्या खड्यानं पुसलं. मग बाहेर येऊन ओसरीवर बसले, काहीच झालं नाही असं तोंड करून.

थोड्या वेळानं सोनाबाई हात धुऊन आली. तिनं बाटली हलवली, रोजच्यासारखी एक खूण वाटीत ओतली आणि त्यांच्यापुढं धरली. आता "मी घेतलंय" म्हणायचं तर चोरून घेतल्याचं सांगावं लागणार होतं. गावाचा न्याय करणाऱ्या माणसाला ते शोभलं नसतं. आप्पांनी मुकाट्यानं तीही घेतली.

पाराकडं जाताना वाटेत त्यांची थोरली बहीण अंबुबाई दारात उभी होती. गेल्या साली तिलाही असाच खोकला झाला होता आणि तिलाही हळदणकर डॉक्टरांनीच औषध दिलं होतं. त्यातलं तळाशी दोन बोटं उरलेलं तिनं वर्षभर तांदळाच्या डब्यात जपून ठेवलं होतं. भावाच्या आजच्या बैठकीची काळजी तिलाही होतीच.

"त्योच डॉक्टर, त्योच रंग," ती म्हणाली. "पी गप. टाकून देऊ व्हय?"

थोरल्या बहिणीला नाही म्हणायची आप्पांना सवय नव्हती. वर्षभर तळाशी बसून ते औषध काकवीसारखं घट्ट झालं होतं. आप्पांनी ते बाटलीनंच प्यायलं, मिशी पुसली आणि पारावर जाऊन बसले.

बैठक सुरू झाली तेव्हा आप्पांना फार बरं वाटत होतं. घसा मोकळा होता. ऊन कोवळं होतं. पिंपळाची पानं हलत होती आणि ती हलताहेत हे चांगलंच आहे असं त्यांना वाटलं. समोर मष्णू उभा राहून बोलत होता. त्याचा आवाज कुठून तरी लांबून, विहिरीतून यावा तसा येत होता. मष्णूनं विचारलं की बांधाची जागा माझ्या हद्दीत हाय का न्हाय. आप्पांची मान हळूच खाली गेली आणि हळूच वर आली.

मंडळींत कुजबूज झाली. मष्णूनं भावाकडं पाहून छाती पुढं काढली.

मग परशराम उभा राहिला. बापानं बांध दोघांसाठी घातला होता का न्हाय, असं त्यानं विचारलं. आप्पांची मान पुन्हा खाली गेली, वर आली. पाण्यावर माझाबी हक्क हाय का न्हाय? मान खाली, वर. आधी माझा हाय का न्हाय? मान खाली गेली आणि या वेळी वर यायला जरा वेळ लागला, पण आली.

आता दोन्हीकडची माणसं उठून उभी राहिली. एक बाजू म्हणे आप्पांनी मष्णूला मान्य केलं, दुसरी म्हणे परशरामला. या गलक्यात देवळाचा गुरव यल्लाप्पा पुढं सरकला. तो गेली चार वर्षं आप्पांचा पांढरा बैल जत्रेतल्या पालखीच्या गाडीसाठी मागत होता आणि आप्पा चार वर्षं नाही म्हणत होते. आज आप्पा फार राजी दिसताहेत हे त्यानं हेरलं होतं. त्यानं विचारलं. मान खाली, वर. त्याच्या मागोमाग भावकू तालीमवाला आला. त्याला कुस्त्यांच्या फडासाठी आप्पांचं रताळ्याचं शेत हवं होतं. तेही मिळालं. रताळी काढलीत का, हे विचारायचं भावकूनं टाळलं.

तिसरा माणूस काही मागायला पुढं येणार, एवढ्यात आप्पांची मान खाली गेली ती वर आलीच नाही. ते हळूहळू डावीकडं कलले आणि पिंपळाच्या बुंध्याला टेकून घोरायला लागले.

आधी सगळ्यांना वाटलं, आप्पा विचार करताहेत. मग घोरण्यातलं अंतर वाढायला लागलं. एकदा घोरल्यावर पुन्हा घोरेपर्यंत माणसं एकमेकांकडं बघायची. यल्लाप्पानं देवळातून अंगारा आणून कपाळाला लावला. अंबुबाईनं तोंडावर पाणी मारलं. आप्पांनी डोळे अर्धे उघडले, "बरं हाय," म्हणाले आणि पुन्हा मिटले.

सोनाबाईला कुणीतरी बोलावून आणलं. तिनं नवऱ्याचं तोंड पाहिलं आणि उलट पावली घरी गेली. कोनाड्यातली बाटली काढून तिनं खुणा मोजल्या. काल संध्याकाळी पाच राहिल्या होत्या. सकाळी तिनं एक दिली. चार राहायला हव्या होत्या. दोनच होत्या. ती बाटली मुठीत धरून पळत पारावर आली. तेवढ्यात अंबुबाईनंही आपली रिकामी बाटली पुढं केली आणि मीबी थोडं दिलंय गं, असं बारीक आवाजात सांगितलं. डॉक्टरांचे शब्द तिला आठवले: माणसालाही दाबतो.

भावकू सायकलवरून नंदगडला सुटला. रताळ्याच्या शेताचं ओझं मनावर असल्यामुळं की काय, तो एरवीपेक्षा जोरात गेला. तासाभरात डॉक्टर स्वतःच्या सायकलवरून हजर झाले. त्यांनी आप्पांची पापणी वर करून पाहिली. डोळ्यांतल्या बाहुल्या मोहरीएवढ्या झाल्या होत्या. मग खिशातलं घड्याळ काढून त्यांनी श्वास मोजले. मोजताना त्यांचं तोंड जे उतरलं ते पाहून पारावरचा गलका आपोआप थांबला.

"याला झोपू द्यायचं नाही," डॉक्टर म्हणाले. "गाढ झोपला तर श्वास घ्यायचा विसरेल. उभा करा, चालवा, बोलता ठेवा. कुणाकडं कॉफी आहे?"

कॉफी फक्त कुलकर्ण्यांच्या घरी होती. ती उकळायला गेली. डॉक्टरांनी गर्दीवर नजर टाकली आणि सगळ्यांत पुढं उभे असलेले, सगळ्यांत आडदांड दोन गडी निवडले. एकाला उजव्या बगलेत हात घालायला सांगितला, दुसऱ्याला डाव्या. ते दोघं म्हणजे मष्णू आणि परशराम आहेत हे डॉक्टरांना ठाऊक नव्हतं, आणि ते सांगायची कुणाची छाती झाली नाही.

अशी ती वरात निघाली. पारापासून पाणवठ्यापर्यंत आणि पाणवठ्यापासून पारापर्यंत. मध्ये आप्पा, पाय फरफटत. दोन बाजूंना दोन भाऊ, तोंडं दोन दिशांना. पुढं कॉफीचा तांब्या घेऊन सोनाबाई, मागं घड्याळ घेऊन डॉक्टर आणि त्यांच्या मागं गाव. अर्ध्या वाटेवर सोनाबाई थांबायची आणि नवऱ्याला दोन घोट पाजायची. आप्पा कॉफी पाहून वाईट चेहरा करायचे. डॉक्टरांना त्या वाईट चेहऱ्याचाच मोठा आधार वाटत होता.

पहिल्या फेरीत कुणी बोललं नाही. डॉक्टर ओरडले की गप्प काय चालताय, बोलता ठेवा म्हणालो ना. पण दोन वर्षांत त्या भावांना बांधाशिवाय दुसरा विषय राहिला नव्हता. म्हणून मष्णूनं आप्पांच्या उजव्या कानात बांधाचं सांगायला सुरुवात केली. ते ऐकून परशरामनं डाव्या कानात सुरू केलं. दुसऱ्या फेरीत ते आप्पांना सोडून एकमेकांशीच बोलायला लागले, आप्पांच्या नाकासमोरून. आई आजारी असताना कुणी काय केलं, बापानं मरताना कुणाकडं बघितलं, सगळं निघालं. दोन वर्षं गिळलेलं होतं, ते पाणवठ्यापर्यंत पुरलं आणि परत येईपर्यंतही पुरलं.

तिसऱ्या फेरीत परशरामला भांडणासाठी हात हवा झाला. त्यानं आप्पांच्या बगलेतला हात काढून भावासमोर नाचवला. त्याबरोबर आप्पा त्या बाजूला पोत्यासारखे खचले. मष्णू ओरडला. आप्पांनी डोळे उघडले, दोघांकडं पाहिलं आणि त्यांच्या नेहमीच्या पारावरच्या आवाजात, स्वच्छ म्हणाले:

"एकानं हात काढला की पडतंय, दोघांनी मिळून धरा."

गाव जागच्या जागी थांबलं. मष्णूनं परशरामकडं पाहिलं. परशरामनं काढलेला हात हळूच परत आप्पांच्या बगलेत घातला. मागून डॉक्टर थांबू नका, चाला म्हणून ओरडत होते. ते दोघं पुन्हा चालायला लागले, पण आता त्यांची पावलं एकदम पडत होती.

थोडं पुढं गेल्यावर परशरामनं विचारलं, "आणि पाण्याचं कसं, आप्पा?"

पाणी हा शब्द आप्पांच्या कानात शिरला. औषधानं त्यांची जीभ लाकडासारखी झाली होती आणि कॉफी तर नकोच वाटत होती. त्यांनी सोनाबाईच्या हातातल्या तांब्याकडं पाहिलं.

"थोडं थोडं द्या," ते म्हणाले. "एकदम नगं."

मागं कुणीतरी म्हणालं, निवाडा झाला. बावीस वर्षांत पहिल्यांदाच आप्पा एकाहून जास्त वाक्यं बोलले होते, पण बांध एक आणि पाणी एक असे दोन विषय असल्यामुळं ते चालण्यासारखं होतं, असं यल्लाप्पानं ठरवून टाकलं.

दिवस कलेपर्यंत आणखी सतरा फेऱ्या झाल्या. त्यांतल्या निम्म्या फेऱ्यांत दोघं भाऊ बांध कुठून सुरू करायचा आणि पाळी किती दिवसांची हे बोलत होते. भांडत होतेच, पण आता मापावरून. दिवेलागणीला आप्पांनी स्वतःहून विचारलं की मला हे लोक का फिरवताहेत आणि कॉफीत साखर का घातली नाही. डॉक्टरांनी शेवटचं एकदा श्वास मोजले, घड्याळ खिशात टाकलं आणि देवळाच्या पायरीवर मटकन बसले. सोनाबाई त्या दिवशी पहिल्यांदा तेव्हा रडली.

जाण्यापूर्वी डॉक्टरांनी तिच्या हातातलं उरलेलं औषध मागून घेतलं आणि सगळ्यांच्या देखत मातीत ओतलं. अंबुबाईची बाटली रिकामी होती, तीही नेली. औषध हे ज्याचं त्याच्यासाठी आणि ज्या दुखण्याचं त्या दुखण्यापुरतं असतं, असं त्यांनी तिला समजावून सांगितलं. अंबुबाईनं ऐकून घेतलं, पण बाटली चांगली होती, तेल ठेवायला झाली असती, असं ती पुढं महिनाभर म्हणत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मष्णू आणि परशराम नारळ घेऊन आप्पांच्या पाया पडायला आले. आप्पांना आदल्या दिवसातलं काही आठवत नव्हतं, फक्त बगला दुखताहेत एवढंच कळत होतं. भावांनी निवाडा बोलून दाखवला. आप्पांनी तो लक्षपूर्वक ऐकला. चांगला होता. त्यांनी मिशीवरून हात फिरवला.

"व्हय," ते म्हणाले. "असं म्हणालो खरं."

ते दोघं गेल्यावर सोनाबाईनं त्यांना सगळं सांगितलं. कुणाचा हात कशातून निघाला होता आणि पाणी कुणाला हवं होतं ते. आप्पांनी दाराकडं एकदा पाहिलं. मग त्यांनी हळूच विचारलं, ही गोष्ट आणि कुणाला ठाऊक हाय का. सोनाबाई म्हणाली, मला ठाऊक हाय तेवढं पुरे. चोरून घेतलेल्या दोन खुणांबद्दल ती काहीच बोलली नाही. तिनं फक्त कोनाड्याला दार आणि दाराला कुलूप करवून घेतलं.

दुपारी यल्लाप्पा बैल न्यायला आला. आप्पा खवळले. मी झोपेत होतो, माझं भान नव्हतं, असं ते म्हणणार होते. पण तोंड उघडलं आणि मिटलं. झोपेत दिलेला बैल जर परत घेतला तर त्याच झोपेत दिलेला बांधही परत घ्यावा लागला असता. बैल गेला. पुढच्या हप्त्यात रताळ्याच्या शेतात कुस्त्या झाल्या. पहिलं बक्षीस मिळवणारा गडी म्हणाला की असा भुसभुशीत फड आपण उभ्या आयुष्यात पाहिला नाही.

पण लोकांच्या मनात भरला तो आप्पांचा चेहरा. निवाड्यानंतर चार दिवस ते कुणाशी फारसे बोलले नाहीत. ओसरीवर बसून असायचे, कपाळावर आठ्या, नजर कुठं तरी आत लागलेली. जाणारे-येणारे आवाज न करता जायचे. एवढा मोठा निवाडा दिल्यावर माणसाच्या मनावर भार राहणारच, असं म्हणायचे. खरं काय ते सोनाबाईला माहीत होतं. अफूचा अर्क खोकला धरून ठेवतो तसं पोटही धरून ठेवतो, आणि त्या दिवसापासून आप्पांचं पोट हललेलं नव्हतं. चौथ्या रात्री तिनं त्यांना वाटीभर एरंडेल पाजलं. या खेपेला वाटी तिनं स्वतः मोजली.

पाचव्या दिवशी सकाळी बांध पुरा झाला. दोन वर्षांनी ओढ्याचं पाणी अडलं आणि फुगून काठाला लागलं. गाव गोळा झालं. मष्णू आणि परशराम चिखलानं माखून शेजारी शेजारी उभे होते. नारळ फोडायचा मान आप्पांचा होता, म्हणून त्यांना बोलावणं गेलं.

निरोप सोनाबाईकडून आला. आप्पा सकाळपासून परसात हायती, मोकळे झाले की येतील.